डोळ्यांना भोकं नसलेला मुखवटा

प्रश्न : मुलाकडे बेल्जियमला गेलो असताना तिथल्या एका संग्रहालयात काँगोमधल्या कुबा लोकांचा लाकडी मुखवटा पाहिला. कपाळ इतकं पुढे आलेलं की खालचा चेहरा त्याच्या सावलीत गेलेला. नाक रुंद, गालांवर तांब्याचे पत्रे, मण्यांच्या पट्ट्या. पण डोळ्यांना भोकंच नव्हती. शेजारच्या पाटीवर ‘ब्वोम, राजमुखवटा’ एवढंच लिहिलं होतं. हा घालून माणूस चालत तरी कसा असेल? आणि राजाचा चेहरा असेल, तर तो इतका बेढब का कोरला?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ब्वोम घालणारा नाकपुड्यांतून बघतो. हा मुखवटा चेहऱ्यावर बांधायचा नसतो. एकाच ओंडक्यातून आतून पोकळ कोरलेला हा टोप डोक्यावरून खाली, खांद्यांपर्यंत उतरवायचा असतो. त्यामुळे मुखवट्याचं कपाळ नर्तकाच्या टाळूच्याही वर जातं आणि मुखवट्याचं नाक येतं नर्तकाच्या डोळ्यांसमोर. त्या रुंद नाकाच्या दोन भोकांतून जेवढं दिसेल तेवढ्यावर पावलं टाकायची. संग्रहालयात मुखवटा आपल्या नजरेच्या उंचीला मांडलेला असतो, म्हणून हे लक्षात येत नाही. कधी बाजूने बघायला मिळाला, तर आत माणसाचं डोकं कुठे असेल याचा अंदाज घ्या. मग ते प्रचंड कपाळ एकदम जागेवर बसतं.

दुसरा प्रश्न मात्र मोठा आहे. त्याचं थोडक्यात उत्तर असं, की हा राजाचा चेहरा नाही. राजाला विरोध करणाऱ्याचा चेहरा आहे. तरीही तो राजमुखवटा आहे, राजाच्या दरबारात नाचतो आणि राजासमोर नाचतो. माझ्या मते कुबांच्या कलेतली ही सगळ्यांत विलक्षण गोष्ट आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

आधी प्रदेश समजून घेऊ. आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या मध्यभागी कासाई, सांकुरू आणि लुलुआ या नद्यांच्या मधला भाग म्हणजे कुबांचं राज्य. उत्तरेकडे दाट जंगल, दक्षिणेकडे गवताळ माळ. कुबा ही एक जमात नव्हे. बुशोंग, न्गेंडे, न्गोंगो, केटे, शोवा अशा डझनाहून अधिक समूहांचं ते एक संघराज्य. त्यातल्या बुशोंग लोकांचा राजा तोच सगळ्यांचा राजा. त्याला न्यीम म्हणतात आणि त्याची राजधानी न्शेंग. हे राज्य 17व्या शतकाच्या पूर्वार्धात श्याम अ-म्बुल अ-न्गोंग या राजाने बांधलं असं कुबांची परंपरा सांगते. राफिया ताडाच्या धाग्यांचं कापड विणण्यापासून नव्या पिकांपर्यंत कितीतरी गोष्टींचं श्रेय त्यालाच दिलं जातं. राज्य अजून नावाला आहे. न्यीमची गादी आजही आहे.

या राज्याकडे लिपी नव्हती, पण इतिहास होता. बेल्जियन इतिहासकार यान वान्सिना 1953 मध्ये कुबांच्या प्रदेशात गेले आणि तिथल्या माणसांच्या तोंडून राजांच्या याद्या, गाणी, कुळकथा टिपून घेतल्या. तोंडी परंपरेला इतिहासाचं साधन मानायचं की नाही, या वादात त्यांचं काम पुढे जगभर पायाभूत ठरलं. त्यांच्या 1978 मधल्या ग्रंथाचं नावच ‘वोतची लेकरं’ असं आहे. कुबा स्वतःला वोतची लेकरं मानतात. वोत हा त्यांचा आदिपुरुष.

आता मुखवट्यांकडे येऊ. कुबांकडे वीसहून अधिक प्रकारचे मुखवटे आहेत. त्यांतले तीन राजदरबाराशी जोडलेले. पहिला म्वाश अ-म्बोय. हा वोतचा, म्हणजेच राजाचा मुखवटा. त्यात कोरीव लाकूड फारच थोडं: नाक, कान, क्वचित तोंड. बाकी सगळा डौल वेताच्या सांगाड्यावर ताणलेल्या कापडाचा, कवड्यांचा, मण्यांचा आणि चेहऱ्याच्या जागी बिबट्याच्या कातड्याचा. बिबट्या हा राजाचा प्राणी. दुसरी न्गाडी अ-म्वाश, ही स्त्री. तिचा चेहरा लाकडात कोरलेला, त्यावर काळे-पांढरे त्रिकोण रंगवलेले आणि डोळ्यांखालून गालांवर उतरणाऱ्या समांतर रेषा. त्या रेषा अश्रूंच्या मानल्या जातात. नाकावरून तोंडावर मण्यांची एक पट्टी येते. ही स्त्री असली, तरी तिला नाचवतो पुरुषच. तिसरा तुम्ही पाहिलात तो, ब्वोम.

न्गाडी कोण, हे कळल्याशिवाय ब्वोम कळत नाही. ती वोतची बहीण आणि बायकोही. जगातल्या अनेक आदिकथांप्रमाणे इथेही पहिल्या माणसाला सोबतीला सख्खी बहीणच होती. त्या निषिद्ध संबंधातून माणसं जन्मली आणि त्याच पापामुळे वोतला गाव सोडावं लागलं, असं कथा सांगते. पण याला एक राजकीय बाजूही आहे. कुबांमध्ये वारसा आईकडून चालतो. राजाच्या मागे त्याचा मुलगा गादीवर येत नाही. भाऊ येतो किंवा बहिणीचा मुलगा येतो. त्यामुळे राजाची बहीण ही राज्यातली अत्यंत महत्त्वाची स्त्री, कारण पुढचा राजा तिच्या पोटी. तीन राजमुखवट्यांत नुसती राणी नाही, राजाची बहीण आहे, याचं कारण मला इथे दिसतं.

या वारसाहक्काची एक कथाही आहे. वोत एकदा ताडी पिऊन उघडा पडला होता. मुलगे त्याला हसले. मुलगी मात्र तोंड फिरवून, पाठमोरी चालत आली आणि तिने बापाच्या अंगावर वस्त्र टाकलं. जाग आल्यावर वोतने ठरवलं, की वारसा मुलीच्या मुलांना मिळेल. आणि हसणाऱ्या मुलग्यांना त्याने दीक्षाविधीची शिक्षा दिली. कुबांच्या गावांत किशोरवयीन मुलांना समाजात घेण्याचा जो खडतर विधी होतो, त्याचं मूळ असं सांगितलं जातं. त्या विधीतही मुखवटे असतातच. गावाबाहेर राफियाच्या झावळ्यांचं कुंपण उभारतात, मुलं तिथे गावापासून वेगळी राहतात आणि मुखवटा घातलेल्या आकृती येऊन त्यांना घाबरवतात, शिकवतात, कायदे सांगतात. बाया आणि लहान मुलं यांच्या लेखी त्या आकृतीच्या आत माणूस नसतोच. तो जंगलातला, पाण्यातला एक आत्मा असतो. कुबा अशा आत्म्याला न्गेश म्हणतात. आत कोण आहे हे कळणं, म्हणजेच मोठं होणं.

आणि ब्वोम? ब्वोम कोणाचा चेहरा, याविषयी कुबांमध्येच एकमत नाही, आणि मला त्यातच खरी गंमत वाटते. एका कथेप्रमाणे मिको मि-म्बुल नावाच्या राजाने आधीच्या राजाची मुलं मारली आणि त्या पातकाने त्याला वेड लागलं. तेव्हा एका च्वा माणसाने हा मुखवटा करून त्याला दिला. तो घालून राजा नाचला आणि त्याचं चित्त थाऱ्यावर आलं. दुसऱ्या कथेत ब्वोम हा डोक्यात पाणी साचून कपाळ फुगलेला एक राजपुत्र आहे. तिसरं स्पष्टीकरण म्हणजे ब्वोम म्हणजे सामान्य माणूस, रयत. किंवा थेट च्वा माणूसच.

च्वा म्हणजे त्या जंगलातले बुटके, शिकारी लोक, ज्यांना बाहेरच्यांनी पिग्मी हे नाव दिलं. कुबांच्या समजुतीप्रमाणे ते या भूमीचे मूळ रहिवासी. राजाला शिकार, मध, जंगलातली औषधं तेच पुरवतात. पण समाजात त्यांचं स्थान सगळ्यांत खालचं. ज्यांच्याकडून जमीन घेतली, त्यांनाच उंबऱ्याबाहेर ठेवायचं, असा हा व्यवहार. तरीही तिन्ही कथांत तो फुगीर कपाळाचा, मोठ्या डोक्याचा माणूस राजवाड्याच्या आत आलेला आहे. एका कथेत तर राजाला बरं करण्याचं सामर्थ्य त्याच्याकडेच आहे.

तिघं एकत्र नाचतात, तेव्हा हे सगळं डोळ्यांसमोर येतं. म्वाश अ-म्बोय संथ, भारदस्त. तो नाचतो म्हणण्यापेक्षा मिरवतो. अंगावरच्या कवड्या, मणी, कातडी यांच्या ओझ्याखाली दुसरं काही शक्यही नसतं. ब्वोम त्याच्यासमोर उद्दाम, आक्रमक. दोघांमध्ये न्गाडी. ब्वोम तिच्यासाठी राजाशी झुंजतो. वरवर पाहता हे प्रेमाचं भांडण आहे. पण राजाची बहीण म्हणजे गादीचा उगम, हे प्रेक्षकांतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तेव्हा भांडण नेमकं कशासाठी चाललंय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

राजा हे का चालू देतो? इथे माझं मत मांडतो. कुबांचा न्यीम दैवी मानला जाई, पण तो एकटा राज्य करत नसे. दरबारात पदाधिकाऱ्यांच्या वेगवेगळ्या सभा असत, गावोगावचे प्रमुख असत, तंट्यांचा निवाडा पंचांपुढे होई, आणि राजावर या सगळ्यांचा धाक असे. ज्या राज्यात डझनभर वेगळे समूह एका गादीखाली नांदवायचे, तिथे विरोधाला बाहेर हाकलण्यापेक्षा त्याला दरबारात जागा देणं शहाणपणाचं. ब्वोम ही ती जागा. त्याला चेहरा दिला, नाव दिलं, तांब्याने मढवलं आणि राजासमोर नाचण्याचा हक्क दिला. म्हणून तो बेढब आहे असं मी म्हणणार नाही. कोरणाऱ्याला जे दाखवायचं होतं ते त्याने ताकदीने दाखवलं आहे: हट्टी, जड, मागे न हटणारं डोकं.

त्याच्या अंगावरच्या सामग्रीकडेही जरा थांबून बघण्यासारखं आहे. तांबं कुबांच्या प्रदेशात मिळत नसे. ते दक्षिणेकडच्या तांब्याच्या पट्ट्यातून व्यापाराने येई आणि ते वापरण्याचा मान दरबाराशी जोडलेला होता. म्हणजे रयतेचा हा चेहरा राजाच्या धातूने मढवलेला आहे. निळे-पांढरे मणी युरोपातून आलेले. लाल रंग असेल, तर तो तुकूला या लाकडाच्या भुकटीचा. हे झाड आपल्या रक्तचंदनाच्या आणि बिबळ्याच्या अगदी जवळच्या नात्यातलं. कुबा ही भुकटी अंगाला लावतात, कापडाला लावतात आणि मृतांनाही लावतात.

आणि कवडी. ती पाहून मराठी माणसाला ओळखीचं काहीतरी भेटल्यासारखं वाटलं, तर ते खोटं नाही. पैसा म्हणून चालणारी कवडी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या समुद्रात होतच नाही. ती हिंदी आणि प्रशांत महासागरातली. शतकानुशतकं तिचा मोठा पुरवठा मालदीवहून होई, आणि तिथून ती गलबतांतून बंगालपर्यंत आणि आफ्रिकेपर्यंत जाई. कुबांकडे ती चलन होती; दंड, कर, देवघेव तिच्यात होई. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ आणि काँगोच्या मध्यातला राजमुखवटा, या दोन्हींच्या कवड्या एकाच महासागराने दिल्या आहेत. समुद्रापासून शेकडो कोस आत असलेल्या त्या जंगलात एकेक कवडी किती हातांतून गेली असेल, याचा विचार केला म्हणजे मुखवट्यावरची कवड्यांची ओळ शोभेसाठी लावलेली वाटत नाही. ती श्रीमंतीची जाहिरात आहे.

मुखवट्याच्या मागच्या बाजूला, केसांच्या जागी कोरलेली नक्षी तुमच्या लक्षात आली असेल. समभुज चौकोन, एकमेकांत गुंतलेल्या पट्ट्या. हीच नक्षी कुबांच्या कापडावर, पेल्यांवर, ढोलांवर, घरांच्या भिंतींवर असते. प्रत्येक नक्षीला नाव असतं. नवा राजा गादीवर आला, की त्याच्या नावाचा ढोल होई आणि त्यावर नवी नक्षी काढली जाई. 1920च्या दशकातली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. मिशनऱ्यांनी राजाला मोटरसायकल दाखवायला आणली. राजाला यंत्राचं काहीच वाटलं नाही. त्याची नजर खिळली ती वाळूत उमटलेल्या टायरच्या ठशावर. तो ठसा त्याने उतरवून घेतला आणि त्या नक्षीला आपलं नाव दिलं. गणितज्ञ डोनाल्ड क्रो यांनी 1971 मध्ये कुबांच्या नक्षीकामाचा सममितीच्या दृष्टीने अभ्यास प्रसिद्ध केला. पट्टीवर नक्षी पुन्हा पुन्हा येण्याचे गणिताने सिद्ध केलेले प्रकार सातच. ते सातही त्यांना कुबांकडे सापडले. सपाट पृष्ठभागावरच्या 17 प्रकारांपैकी 12 सापडले. भूमितीचं पुस्तक न उघडता हाताने आणि नजरेने गाठलेली ही मजल आहे.

प्रश्न : अशा वस्तू युरोप-अमेरिकेत पोहोचल्या कशा? विकत घेतल्या की लुटल्या? आणि आता त्या परत जायला नकोत का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तिन्ही रस्त्यांनी गेल्या: भेट म्हणून, विकत म्हणून आणि लुटून. प्रत्येक वस्तूचा रस्ता वेगळा, म्हणून प्रत्येकीचा वेगळा तपास करावा लागतो.

पहिला रस्ता बऱ्यापैकी सरळ आहे. विल्यम शेपर्ड हा अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा कृष्णवर्णीय मिशनरी 1890 मध्ये काँगोत आला. कुबांच्या राजधानीची वाट परक्याला दाखवणाऱ्याचं डोकं उडवलं जाईल, असा राजाचा हुकूम होता. शेपर्ड भाषा शिकला आणि अंडी विकत घ्यायच्या निमित्ताने आपली माणसं पुढच्या गावाला पाठवत, त्यांच्या मागोमाग एकेक गाव करत 1892 मध्ये राजधानीत पोहोचला. शिक्षा व्हायची ती राहिली बाजूला. दरबाराने तो जुन्या राजाचा पुनर्जन्म आहे असं ठरवलं आणि त्याला सन्मानाने ठेवून घेतलं. त्याने जमवलेल्या वस्तू आज व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी काढलेल्या त्या शाळेत शेपर्ड स्वतः शिकला होता. आफ्रिकेतल्या एका राज्याचं वैभव तिथल्या विद्यार्थ्यांनी बघावं, यासारखं सुंदर काही नाही.

दुसरा रस्ता रक्ताचा आहे. त्या काळी काँगो हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीचा मुलूख होता. रबर आणि हस्तिदंत यांसाठी तिथे माणसांचे हात तोडले जात होते. 1899 मध्ये सरकारच्या पदरी असलेल्या झाप्पो झाप टोळीच्या तळावर शेपर्डनेच 81 तोडलेले उजवे हात मोजले आणि जगाला सांगितलं. 1900 मध्ये सरकारी सैन्याने कुबांची राजधानी लुटली. पुढे कासाई कंपनीने रबराच्या सक्तीसाठी केलेल्या छळाविषयी शेपर्डने 1908 मध्ये लिहिलं, तेव्हा कंपनीने त्याच्यावर बदनामीचा खटला भरला. 1909 मध्ये तो निर्दोष सुटला. या कालखंडात युरोपात पोहोचलेली कोणतीही कुबा वस्तू पाहताना हा संदर्भ मनात ठेवायलाच हवा.

तिसरा रस्ता म्हणजे संशोधकांची खरेदी. हंगेरीचा एमिल टॉर्डे ब्रिटिश म्युझियमसाठी 1908 मध्ये न्शेंगला गेला. राजा कोत अ-पे याने त्याला राजांचे लाकडी पुतळे दिले. आज ते लंडनमध्ये आहेत आणि त्यांत श्याम अ-म्बुल अ-न्गोंगचाही आहे. टॉर्डेने आणखी एक मोलाचं काम केलं. दरबारातल्या जाणत्यांनी एका राजाच्या कारकिर्दीत भर दिवसा सूर्य काळवंडल्याची आठवण सांगितली. टॉर्डेने ती 30 मार्च 1680च्या खग्रास सूर्यग्रहणाशी जुळवली आणि कुबांच्या इतिहासाला एक तारीख मिळाली. माणूस कुबांवर मनापासून प्रेम करणारा होता, यात शंका नाही. पण राजधानी लुटली जाऊन आठच वर्षं झाली होती. त्या वेळच्या राजाला गोऱ्या पाहुण्याला ‘नाही’ म्हणण्याचं किती स्वातंत्र्य होतं, हा प्रश्न मला पावती असलेल्या वस्तूंविषयीही पडतो.

परत जायला हव्यात का? माझं उत्तर : लुटीच्या वस्तू बिनशर्त परत जायला हव्यात. बाकीच्यांविषयी निर्णय घेताना कुबांना आणि काँगोच्या जाणकारांना टेबलाच्या पलीकडे नव्हे, अलीकडे बसवायला हवं. काँगोकडे त्या ठेवायला जागा नाही, ही सबब आता उरलेली नाही. दक्षिण कोरियाच्या मदतीने बांधलेलं राष्ट्रीय संग्रहालय किन्शासात 2019 मध्ये सुरू झालं. जून 2022 मध्ये बेल्जियमचे राजे फिलिप तिथे गेले आणि त्यांनी सुकू लोकांचा काकुंगू मुखवटा सोबत नेला. तोही दीक्षाविधीचाच. पण कागदावर तो ‘बेमुदत उसना’ दिला होता. स्वतःच्या आजोबांचा मुखवटा कोणी आपल्याला उसना द्यावा, हे काँगोतल्या अनेकांना खुपलं आणि ते योग्यच होतं. त्याच वर्षी बेल्जियमने वसाहतकाळातल्या वस्तू परत करण्याचा कायदा केला. कायदा आला; वस्तूंचा ओघ अजून बारीकच आहे.

प्रश्न : इंटरनेटवर ‘कुबा जमातीचा दुर्मीळ पुरातन मुखवटा’ विकायला दिसतो. फोटोत कवड्या, मणी, तांबं सगळं आहे. घ्यावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पुरातन म्हणून घेऊ नका. खरे जुने राजमुखवटे अगदी थोडे, आणि बहुतेक संग्रहालयांत किंवा नावाजलेल्या खासगी संग्रहांत. विक्रीला दिसतात ते जवळजवळ सगळे विक्रीसाठीच केलेले. यात कमीपणा काही नाही. न्शेंग आणि आसपासचे कारागीर कितीतरी दशकं परक्यांसाठी कोरत आले आहेत. खोट आहे ती ‘पुरातन’ या शब्दात आणि त्यामागच्या किमतीत.

नाचलेल्या मुखवट्याच्या खुणा चेहऱ्यावर नसतात, आत आणि कडेला असतात. कडेच्या भोकांतून राफियाचं कापड शिवलेलं असतं, कारण मुखवट्याखाली नर्तकाचं सगळं अंग झाकावं लागतं. ती भोकं ओढाताणीने झिजलेली असतात. आत डोक्याच्या घामाने लाकूड काळवंडून गुळगुळीत झालेलं असतं. फोटोत विक्रेता आतली बाजू दाखवत नसेल, तर तेवढं पुरेसं समजा. आणि बिबट्याचं कातडं असलेली वस्तू कुठूनही मागवू नका. त्याची आयात-निर्यात आंतरराष्ट्रीय करारांनी आणि आपल्याकडच्या वन्यजीव कायद्याने जखडलेली आहे.

घरात कुबांचं काही असावं असं खरंच वाटत असेल, तर राफियाचं भरतकाम केलेलं कापड घ्या. ते आजही गावांत विणलं जातं. विणतात पुरुष, भरतात बायका, आणि एका लहान तुकड्यालाही कित्येक दिवस लागतात. चित्रकार मातिसने ते आपल्या भिंतीवर लावलं होतं. नवं म्हणून विकलं जाणारं, कोणत्या गावात झालं ते सांगता येणारं कापड घ्या आणि त्याची पुरेशी किंमत द्या.